पेवातली हवा

थामीला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे, आणि शिकवणारा बुअज्जा असला तर त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

बुअज्जा म्हणजे बांधाला बांध लागून असलेला शेजारी. तीस वर्षं फॉस्फेटच्या खाणीत राबला आणि पेन्शन घेऊन गावी परतला. दोन वर्षांपूर्वी त्यानं रानातलं पाणी काढायला एक चर खणला. त्या चराचं तोंड त्यानं मुद्दाम थामीच्या पेवाकडं वळवलं, असं थामीचं म्हणणं. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर सगळ्यांची धान्य साठवायची, जमिनीत खोल खणलेली पेवं होती, आणि या दोघांची एकमेकांपासून दहा पावलांवर. भर बाजारात थामी त्याला म्हणाला, "खाणीतल्या उंदराला शेत काय कळतंय!" लोक हसले. बुअज्जानं खांद्यावरची पिशवी सारखी केली आणि तो चालू लागला. तेव्हापासून दोघांत सलामसुद्धा बंद होता. पुढच्या शुक्रवारी बुअज्जाच्या बायकोनं, ताहरानं, नेहमीसारखी रव्याच्या कुसकुसची परात पाठवली. ती थामीच्या बायकोला, यामनाला, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत जशीच्या तशी परत करावी लागली. परातीतून अजून वाफ येत होती. यामनाला त्या दिवशी स्वतःच्या हातांची लाज वाटली.

दोन सालं कोरडी गेल्यावर यंदा पाऊस झाला होता. काळ्या रानाला वाफसा आला होता, आणि तो चार दिवसांच्या वर टिकणार नव्हता. ट्रॅक्टर गावात एकच. थामीची पाळी बुधवारी दुपारची होती. बियाणाचा जव पेवात, आणि पेव अजून बंद.

सोमवारी रात्री जेवताना त्यांचा मुलगा अय्याद म्हणाला, "बाबा, बुअज्जाकाका भेटले हुते वाटंत."

"बरं मग?"

"म्हणाले, पेवात पाणी मुरलंय, जव आंबला असंल. तोंड उघडून अख्खा एक दिवस तसंच ठेवा. अन् मेणबत्ती सोडल्याबिगर आत पाय घालू नका."

थामीनं भाकरीचा तुकडा तेलात बुडवला होता, तो तसाच हातात राहिला. "माझ्या आज्यानं खणलेलं पेव. त्यात कसं उतरायचं ते आता त्यो सांगणार व्हय? म्हंजे पाणी बी त्यानंच सोडायचं, अन् अक्कल बी त्यानंच शिकवायची!"

खरं तर बुअज्जा बोलला नसता तर थामीनं तेच केलं असतं. बापानं त्याला तसंच शिकवलं होतं. आदल्या दिवशी तोंड उघडायचं, दुसऱ्या दिवशी डब्यात जळती मेणबत्ती ठेवून दोरीनं तळाशी सोडायची. ती जळत राहिली तर माणसानं उतरायचं, विझली तर माघारी फिरायचं. पण आता तोंड आधी उघडणं, मेणबत्ती सोडणं म्हणजे बुअज्जाचं ऐकणं झालं असतं. मंगळवार त्यानं तसाच जाऊ दिला.

शिवाय त्याच्याकडं दिवा होता. इटलीत राहणाऱ्या चुलतभावानं कपाळाला बांधायचा बॅटरीचा दिवा धाडला होता, आणि थामीला त्याचं भारी कौतुक. तो बांधून तो गोठ्यात जायचा, अंगणात जायचा, एकदा तर पहाटे फजरच्या नमाजाला मशिदीपर्यंत गेला.

बुधवारी उजाडताच तिघं माळावर गेली. यामनानं ओढणीखाली डबा आणि मेणबत्ती घेतली होती. अय्यादनं खेचर बाजूला बांधलं. थामीनं कुदळीनं तोंडावरची माती काढली, मातीखालचं गवत काढलं. गवत काळं पडून चिकट झालं होतं. मग दोघा बापलेकांनी दगड सरकवला. आतून आंबूस वास आला, चार दिवस झाकून ठेवलेल्या कणकेसारखा.

"वास बघा की कसला येतोय," यामना म्हणाली.

"पेवाला पेवाचाच वास येणार. अत्तराचा येतुय व्हय?"

त्यांनी किटलीतला चहा प्यायला. पेव उघडं राहिलं ते तेवढाच वेळ. यामनानं डबा पुढं केला.

"अहो, मेणबत्ती सोडू या एकदा. कुणाचं ऐकलं म्हणून न्हाई, तुमच्या बाबांची रीत म्हणून."

"ह्यो काय हाय मग?" थामीनं कपाळावरचा दिवा लावला आणि पालथं पडून आत वाकून बघितलं. उजेड तळाच्या जवापर्यंत पोचला. "बघ. लख्ख दिसतंय. ठेव ती मेणबत्ती घरी, दिवे गेल्यावर लागंल."

तिनं डबा खाली ठेवला. पुढं कितीतरी दिवस तिला तो ठेवतानाचा टणकन आवाज ऐकू येत राहिला. आणखी एकदा म्हणायला काय झालं होतं, असं ती स्वतःलाच विचारायची. पण तीस वर्षांच्या संसारात तिनं एक शिकून ठेवलं होतं, की दुसऱ्यांदा सांगितलं तर हा माणूस मुद्दाम उलट करतो.

एका बाबतीत मात्र तिनं ऐकलं नाही. काखेखालून दोर बांधल्याशिवाय ती त्याला उतरू देईना. "बांध बाई, बांध," म्हणत त्यानं हात वर केले. तिनं दोन गाठी मारल्या.

पेवाचा घसा अरुंद, माणूस जेमतेम मावेल एवढा, आणि खाली पोट मोठं. घशात पाय ठेवायला खोबण्या होत्या. थामी त्यातून उतरला आणि खाली जवावर धपकन उभा राहिला. दोराचं दुसरं टोक तोंडावर आडव्या ठेवलेल्या ओंडक्यावरून यामनाच्या हातात होतं.

"वरचा थर कुजलाय," खालून आवाज आला. "खालचा ठणठणीत हाय!"

त्यानं कुजका थर फावड्यानं बाजूला सारला आणि वाकून पोतं भरलं. अय्यादनं ते दुसऱ्या दोरानं ओढून घेतलं आणि तीस पावलांवर खेचराकडं नेलं.

"डोकं जड झालंय जरा," थामी म्हणाला.

"मग या वर."

"दुसरं भरतो अन् येतो."

फावड्याचा आवाज दोनदा आला, तिसऱ्यांदा आला नाही.

"अहो!" यामना वाकली. "अहो, ऐकताय का?"

थामी जवावर कुशीला पडला होता, एक हात पोत्यात. कपाळावरचा दिवा चालूच होता आणि त्याचा उजेड पेवाच्या भिंतीवर गोल पडला होता. दिव्याला हवा लागत नाही, हे तिला त्या क्षणी कळलं.

तिनं दोर ओढला. तो ताणला गेला, पण माणूस हलला नाही. ती किंचाळली. अय्याद पोतं टाकून धावत आला, त्यानं आत बघितलं आणि अंगातला पायघोळ जिलाबा डोक्यावरून काढून फेकला.

"मी उतरतो. खालून उचलतो त्यास्नी."

त्याचे पाय घशात गेले होते तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या बगलांत हात घातले आणि त्याला उपटून बाहेर फेकलं. बुअज्जा होता. आपल्या पेवाच्या काठावर माती चढवायला येत होता तो, किंकाळी ऐकून धावला.

"सोडा मला! बाप हाय माझा!"

"म्हणूनच. आत गेलास तर तुझी आई एका दिवसात दोन मढी बघंल." अय्याद पुन्हा झेपावला. बुअज्जानं त्याच्या मुस्काटात अशी वाजवली की पोरगा मटकन बसला.

यामनाच्या डोळ्यांपुढं लाल झालं. "मेल्या, दोन वर्षांचं वैर आज काढतुयास व्हय! मरू देतुयास त्यास्नी!"

"शिव्या नंतर द्या, लल्ला यामना," बाईला द्यायचा मान तेव्हाही सांभाळून तो म्हणाला. "दोर बांधलाय का त्याला?"

"व्हय."

"कुठं?"

"काखेखालून."

"अल्लानं तुम्हाला अक्कल दिली. अय्याद, ऊठ! खेचर आण!"

त्यानं दोर खेचराच्या साजाला बांधला आणि लगाम अय्यादच्या हातात दिला. "मी सांगंन तेव्हा एक पाऊल. फक्त एक. हिसका दिलास तर घशात अडकंल." मग यामनाकडं वळला. "तुम्ही पालथ्या पडा. हात आत घाला, डोकं न्हाई. तोंड फिरवून बाहेरच्या हवेत श्वास भरायचा, मग वाकायचं. त्याचे हात वर आले की डोक्याबरोबर सरळ धरायचे. कळलं?"

कळलं की नाही हे तिला ठाऊक नव्हतं. ती पालथी पडली. "एक पाऊल!" दोर करकरला. "एक पाऊल!" तिनं तोंड फिरवून छाती भरून घेतली आणि खांद्यापर्यंत हात आत घातले. आधी दिवा वर आला, तिच्या डोळ्यांत उजेड गेला. मग थामीचे केस लागले. एक खांदा घशाला अडला. बुअज्जा ओरडला, "थांब!" तिनं नवऱ्याचं मनगट धरून पिळलं, वर ओढलं आणि खांदा सुटला. "एक पाऊल!" ती तोंड फिरवून श्वास घ्यायची आणि पुन्हा वाकायची. अंगातली सगळी ताकद तिच्या बोटांत आली होती. शेवटी बुअज्जानं पुढं होऊन थामीला काखेत धरलं आणि मातीवर ओढून घेतलं.

तोंड निळं, डोळे अर्धवट उघडे. छाती हलत नव्हती. बुअज्जानं त्याच्या गळ्याला दोन बोटं लावली, काढली आणि चाकूनं दोर व सदरा कापला.

"अय्याद, ॲम्ब्युलन्सला फोन लाव. सांग, पेवातल्या हवेनं माणूस पडलाय, काळीज बंद हाय. मग रस्त्यावर जाऊन उभा राहा, न्हाईतर ते गाव शोधत बसतील."

त्यानं छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवली, तिच्यावर दुसरा हात ठेवला, कोपरं ताठ केली आणि दाबायला लागला. मोठ्यानं मोजत होता. एक, दोन, तीन. दहाच्या आसपास कडकन आवाज आला.

"मोडलं काहीतरी!" यामना ओरडली.

"बरगडी हाय. ती जुळंल." तीस झाल्यावर तो थांबला, थामीची मान मागं केली, नाक चिमटीत धरलं आणि आपलं तोंड त्याच्या तोंडावर ठेवून फुंकर घातली. छाती वर आली. आणखी एकदा. मग पुन्हा एक, दोन, तीन.

एव्हाना गाव जमायला लागलं होतं. मशिदीत नमाज पढवणारे फकीह काठी टेकत पुढं आले. त्यांनी थामीचा चेहरा बघितला आणि हळूच, मानानं म्हणाले, "सी बुअज्जा, सोड आता. अल्लाचं होतं, अल्लाकडं गेलं. मेलेल्याच्या हाडांना त्रास देऊ नये. तोंड किब्लाकडं, मक्केकडं करू या."

मागं काही बायकांनी रडायला सुरुवात केली. कुणी तरी कलमा पुटपुटू लागलं. बुअज्जाच्या कपाळावरून घाम थामीच्या छातीवर गळत होता. तो मोजणं थांबवेना. एकवीस आणि बावीसच्या मधे त्यानं एकच वाक्य म्हटलं, "बाईला विचारा."

सगळ्यांनी यामनाकडं बघितलं. आजवर तिला कुणी असं काही विचारलं नव्हतं. शेत पेरायचं काय, पोरीला कुठं द्यायचं, परात ठेवायची का परत करायची, सगळं थामीनं ठरवलेलं. आणि आता थामीचंच ठरवायचं होतं.

"दाबा," ती म्हणाली. मग फकीहांकडं वळून जोरात म्हणाली, "तुम्ही दुवा मागा, बाबा. पण उभ्या उभ्या मागा, मधे येऊ नका."

बुअज्जाचं दाबणं हलकं पडायला लागलं होतं. साठी उलटलेला माणूस. "या इकडं," तो म्हणाला. "मी सांगतो तसं. मी मोजतो, तुम्ही दाबा. जोरात. कणीक न्हाई मळायची, वाटंत दगड रोवायचा असल्यागत."

तिनं नवऱ्याच्या उघड्या छातीवर हात ठेवले. चारचौघांत तिनं त्याला कधी बोटही लावलं नव्हतं. ती दाबू लागली. खाली मोडलेलं हाड हलत होतं ते तिला कळत होतं. "जोरात!" बुअज्जा म्हणायचा. "अजून जोरात! तुम्हाला दोन वर्षांत जेवढा राग आला आसंल तेवढा काढा!" ती रडत होती, दाबत होती. तीस झाले की ती हात उचलायची आणि तो वाकून फुंकायचा. मग तो दाबायचा, ती मोजायची. ज्या तोंडानं दोन वर्षं त्याला सलाम केला नव्हता, त्याच तोंडाला तो तोंड लावत होता.

किती वेळ झाला ते कुणाला सांगता आलं नाही. एका खेपेला बुअज्जा फुंकर घालायला वाकला आणि तसाच थांबला. थामीच्या घशातून घर्रकन आवाज आला, गाळात रुतलेला पाय उपसावा तसा. मग आणखी एक. बुअज्जानं गळ्याला बोटं लावली आणि ती तिथंच ठेवली. त्याचे ओठ हलत होते. यामनाला वाटलं तो अजून मोजतोय. तो थामीची नाडी मोजत होता.

"चाललंय," तो म्हणाला आणि मातीत बसला. "चाललंय लल्ला यामना."

फकीहांनी काठी टाकली आणि ते मातीला कपाळ टेकून सजद्यात गेले. यामनाला नमाज आठवेना, अल्लाची नव्व्याण्णव नावं आठवेनात. ती फक्त "बरं झालं, बरं झालं," एवढंच म्हणत राहिली, आणि तिला वाटलं की याहून मोठी प्रार्थना तिला येतच नाही.

ॲम्ब्युलन्स आली, प्राणवायूचा मुखवटा लागला, शहरातला मोठा दवाखाना झाला. तिसऱ्या दिवशी थामीनं डोळे उघडले. डॉक्टरीणबाई पोरसवदा होती. तिनं यामनाला विचारलं, "छाती कुणी दाबली?"

"शेजाऱ्यानं. अन् मी."

बाईनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आम्ही इथं जे केलं ते नंतरचं हो. माणूस तुम्ही तिथंच परत आणलात."

बारा दिवसांनी थामी घरी आला. हातापायांत जोर नव्हता, बोलताना मधेच शब्द हरवायचा. रान पेरून झालं होतं. सगळ्या गावानं मिळून एका दुपारी पेरलं होतं, बियाणं बुअज्जाच्या पेवातलं. थामीला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. चहा आठवत होता, त्यानंतर एकदम दवाखान्याचं छत.

"मेलो बिलो नव्हतो मी," तो म्हणाला. "घेरी आली आसंल. तुम्ही लोकांनी उगा बरगड्या मोडल्या."

यामनानं हातातली चाळणी खाली ठेवली. तीस वर्षांत पहिल्यांदाच ती दुसऱ्यांदा सांगायला बसली. सगळं सांगितलं. मुस्काटात वाजवलेली, खेचर, फकीहांचं 'तोंड किब्लाकडं करू या'. शेवटी म्हणाली, "त्यानं तुमच्या तोंडाला तोंड लावून श्वास भरला. एकदा न्हाई, पन्नासदा. त्याची हवा हाय तुमच्या छातीत."

थामीनं छातीवर हात ठेवला. "सगळ्यांच्या समोर?"

"सगळ्यांच्या समोर."

"दात तरी घासले हुते का त्यानं?"

यामनाला हसू फुटलं. हसता हसता तिला रडू आलं आणि ती ओढणीत तोंड घालून बसली. थामीनं चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग भिंतीला धरून उठला आणि चपला मागितल्या.

बुअज्जा अंगणात उन्हाला बसला होता, दाबून दाबून दुखावलेल्या दोन्ही मनगटांना पट्ट्या बांधून. ताहरा त्याला चहाचा पेला धरून पाजत होती. थामी दारात उभा राहिला, दम लागलेला, मागं यामना.

"तीन मोडल्यास," तो म्हणाला.

"चार आसतील. एक डॉक्टरला दिसली न्हाई."

"दोन वर्षं वाट बघत हुतास म्हण की."

"मग काय. हाताला लागतच नव्हतास."

थामी हसला आणि बरगड्या धरून कळवळला. मग पुढं झाला, वाकला आणि बुअज्जाच्या कपाळाचं चुंबन घेतलं. त्याला काही म्हणायचं होतं, पण शब्द पुन्हा हरवला. बुअज्जानं पट्टी बांधलेल्या हातानं त्याला शेजारी बसवून घेतलं. यामनानं ताहराच्या हातातला पेला घेतला आणि स्वतः बुअज्जाच्या ओठांना लावला.

"तुम्हाला मी शिव्या दिल्या," ती म्हणाली.

"मी बी एकाला अशाच दिल्या हुत्या." बुअज्जानं घोट घेतला. "खाणीत एकदा आमचा एक जण असाच पडला. त्याच्यामागं दुसरा धावला, त्याच्यामागं तिसरा. चौथा मी हुतो. मुकादमानं माझी मान धरली अन् भिंतीवर दाबून ठेवलं. तिघं मेले. दोन वर्षं मी त्या मुकादमाशी बोललो न्हाई. मग त्यानं हे दाबणं-फुंकणं शिकवायला घेतलं तेव्हा पहिला मी जाऊन बसलो."

थामीनं विचारलं, "किती दिवस लागतात शिकायला?"

"दिवस कसले? एक दुपार."

"मग गावाला शिकव."

"कोण येतंय? खाणीतला उंदीर म्हणत्यात मला."

थामीची मान खाली गेली. "येतील," तो म्हणाला.

शुक्रवारी नमाज झाल्यावर थामी मशिदीच्या दारात उभा राहिला आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला माळावर घेऊन आला. बायकांनाही बोलावलं. त्या आधी लांबच उभ्या राहिल्या. बुअज्जानं पोत्यात भुसा भरून आणला होता. "हे छाती समजा," तो म्हणाला. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. कुणाला जागा कळेना. कुणी पोटावर दाबत होतं, कुणी गळ्यापाशी. पोरं खिदळायला लागली.

"सरका," थामी म्हणाला.

तो सावकाश खाली बसला, मग मातीवर उताणा पडला आणि सदऱ्याची बटणं काढली. छातीवर मधोमध अजून काळानिळा डाग होता, तळहाताएवढा. हाच थामी, ज्यानं कधी कुणाला स्वतःची चूक दाखवू दिली नव्हती, तो सगळ्या गावासमोर उघडा पडला होता.

"इथं," त्यानं डागावर बोट ठेवलं. "ही जागा. नीट बघून घ्या. इथं दाबलं म्हणून मी हाय."

खिदळणं थांबलं. फकीहसुद्धा वाकून बघायला लागले.

"जित्या माणसावर दाबायचं न्हाई हां," बुअज्जा म्हणाला. "हात ठेवून फक्त जागा बघायची. दाबायचं पोत्यावर. चला, कोण येतंय पहिलं?"

कुणी पुढं होईना. थामीनं मान वळवली, बायकांच्या घोळक्यात यामनाला शोधलं आणि हाक मारली, "अगं ये की. त्यास्नी दाखव कसं करायचं ते. तुला येतंय."

ती पुढं आली आणि गुडघ्यांवर बसली. तळहाताची टाच डागावर टेकवली, तिच्यावर दुसरा हात ठेवला, कोपरं ताठ केली. लोक वाकून बघत होते. बुअज्जा काहीतरी समजावून सांगत होता, पण तिला ते ऐकू आलं नाही. तिच्या हाताखाली थामीचं काळीज चाललं होतं, आणि तिला तिथून हात उचलवेना.